जीव वाचला, पुढे काय?

घरातले कोणी अतिदक्षता विभागात असले की बाहेर बाकड्यावर बसलेल्या मंडळींच्या मनात एकच प्रश्न असतो : वाचेल ना? वैद्यकशास्त्रानेही जवळजवळ चाळीस वर्षे मुख्यतः हाच प्रश्न विचारला. त्याचे उत्तर मोजायलाही सोपे होते. किती रुग्ण आत आले आणि किती जिवंत घरी गेले, एवढे मोजले की झाले. घरी गेलेला माणूस पुन्हा कामावर रुजू झाला का, त्याला महिन्याचा हिशेब जमतो का, रात्री शांत झोप लागते का, हे प्रश्न फार उशिरा विचारले गेले. ते विचारल्यावर जे दिसले, त्यामुळे अतिदक्षता विभागात रुग्णाला कसे ठेवावे याबद्दलचे डॉक्टरांचे मत बदलले. एका साध्या प्रश्नाचा हा इतिहास विज्ञान शिकवणाऱ्यांनी माहीत करून घ्यावा असा आहे.

कोपनहेगन, १९५२

१९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची मोठी साथ आली. ब्लेगडाम रुग्णालयात रोज नवे रुग्ण येत होते. त्यांत मुलांचे प्रमाण मोठे होते. पोलिओच्या विषाणूने श्वसनाच्या आणि गिळण्याच्या स्नायूंची ताकद गेली की रुग्ण गुदमरत असे. त्या वेळची श्वसनयंत्रे म्हणजे रुग्णाला गळ्यापर्यंत आत ठेवायची लोखंडी पेटी किंवा छातीवर बसवायचे कवच. अशी यंत्रे रुग्णालयात मोजकीच होती. पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले.

तेव्हा भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांना सल्ल्यासाठी बोलावण्यात आले. रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचे एकूण प्रमाण वाढलेले दिसत होते. त्याचा अर्थ रक्त अल्कधर्मी झाले आहे, असा लावला जात होता. इब्सेन यांनी वेगळा अर्थ लावला. श्वास पुरेसा होत नसल्यामुळे वायू शरीरात साठतो आहे आणि रुग्ण त्याने मरत आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. २७ ऑगस्ट १९५२ रोजी त्यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद घेऊन नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरली. मुलगी वाचली.

पण यंत्रे नव्हती. मग वैद्यकीय विद्यार्थ्यांना बोलावले गेले. सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, दिवसरात्र, हाताने पिशव्या दाबल्या. एका वेळी ७० पर्यंत रुग्णांना असा श्वास दिला जात होता. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. १९५३ च्या डिसेंबरात इब्सेन यांनी कोपनहेगनच्याच दुसऱ्या एका रुग्णालयात सर्व प्रकारच्या अत्यवस्थ रुग्णांसाठी वेगळा कक्ष सुरू केला. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात सर्वसाधारणपणे तेथून मानतात.

या कथेतली एक गोष्ट सहसा निसटते. ज्यांना श्वास दिला जात होता, त्यांच्यापैकी पुष्कळ मुले जागी होती आणि प्रत्येकाच्या उशाशी एक माणूस बसलेला होता. विद्यार्थी त्यांच्याशी बोलत, त्यांना गोष्टी वाचून दाखवत. पुढे पिशवी दाबण्याचे काम यंत्राकडे गेले आणि उशाशी बसणाऱ्या माणसाचे तेवढे काम उरले नाही.

‘तात्पुरता’ भ्रम

१९६० नंतर अतिदक्षता विभाग जगभर पसरले. लवकरच परिचारिकांना आणि डॉक्टरांना एक विचित्र प्रकार दिसू लागला. कालपर्यंत शहाणासुरता असलेला माणूस अचानक परिचारिकेला शत्रू समजू लागे, नळ्या उपटू पाही, भिंतीवर किडे दिसतात म्हणे. तापाच्या भरात माणूस बरळतो तेव्हा ‘वात झाला’ असे आपल्याकडे जुनी माणसे म्हणत. तसाच हा प्रकार. वैद्यकात त्याला डिलिरियम म्हणतात. आपण येथे ‘संभ्रमावस्था’ म्हणू. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी हृदयावरील शस्त्रक्रियेनंतरच्या अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९७२ मध्ये एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या दोन कक्षांची तुलना झाली. एका कक्षाला खिडक्या होत्या, दुसऱ्याला नव्हत्या. बिनखिडक्यांच्या कक्षात संभ्रमावस्थेचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळले.

कायम जळणारे दिवे, यंत्रांचे आवाज, मोडलेली झोप यांकडे तेव्हाच लक्ष गेले होते. पण हा त्रास तात्पुरता आहे, विभागातून बाहेर गेला की माणूस ताळ्यावर येतो, अशी समजूत होती. त्यामुळे पुढे काय होते हे कोणी पाहिले नाही. याच काळात श्वसनयंत्रावरील रुग्णाला गाढ गुंगीत ठेवण्याची पद्धत रूढ झाली. त्यामागे दयाबुद्धीच होती. घशात नळी घातलेल्या माणसाला त्रास होऊ नये, त्याला यातले काही आठवू नये, हा हेतू. ‘आठवणार नाही, म्हणजे इजा नाही’ हे गृहीतक मात्र कोणी तपासले नव्हते.

पहिली मोजणी

ते तपासले गेले ते एका फुप्फुसविकारामुळे. जंतुसंसर्ग, अपघात किंवा अन्य कारणाने दोन्ही फुप्फुसांत दाह होऊन द्रव भरतो आणि रक्ताला ऑक्सिजन मिळेनासा होतो. या तीव्र श्वसनरोधाचे पहिले वर्णन १९६७ साली बारा रुग्णांवरून झाले. सुरुवातीला यातून वाचणारे थोडे होते. श्वसनयंत्र वापरण्याचे तंत्र सुधारत गेले तसे वाचणारे वाढले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी प्रयोगात प्रत्येक श्वासाला यंत्राने द्यायची हवा कमी केली, एवढ्या एका बदलाने मृत्यूचे प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. हे मोठेच यश होते. पण वाचलेल्यांची संख्या वाढली, तसा त्यांच्या पुढच्या आयुष्याचा प्रश्नही टाळता येईना.

अमेरिकेतील यूटा राज्यात, सॉल्ट लेक सिटी येथे, रमोना हॉपकिन्स या मानसशास्त्रज्ञ संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र श्वसनरोधातून वाचलेल्या ५५ जणांची तपासणी केली. स्मरणशक्ती, लक्ष, विचारांचा वेग यांच्या प्रमाणित चाचण्या त्यांनी घेतल्या. १९९९ मध्ये आलेले निष्कर्ष असे होते : रुग्णालयातून घरी जाताना प्रत्येकातच काही ना काही उणीव होती. ती अपेक्षितच म्हणता येईल. पण एका वर्षानंतरही ३० टक्के रुग्णांची एकूण बौद्धिक क्षमता घटलेली होती आणि ७८ टक्के रुग्णांत स्मरण, लक्ष, एकाग्रता किंवा विचारांचा वेग यांपैकी निदान एका बाबतीत घट होती. रक्तातील ऑक्सिजन जितका काळ कमी राहिला होता, त्याच्याशी या घटीचा संबंधही दिसला.

त्याच सुमारास, १९९८ मध्ये, जर्मनीतील म्युनिक येथील डॉक्टरांनी याच आजारातून वाचलेल्या ८० जणांना मनःस्थितीबद्दल विचारले. चारांतल्या एकाहून अधिक जणांत आघातोत्तर तणावाची लक्षणे होती. युद्धावरून परतलेल्या सैनिकांत दिसतात तशीच ही लक्षणे : पुन्हा पुन्हा येणारी भयस्वप्ने, एखाद्या वासाने किंवा आवाजाने दचकणे, रुग्णालयाकडे पाऊल न उचलणे.

यातली उणीव रोजच्या जीवनात कशी दिसते? माणूस बोलतो नीट, जुन्या गोष्टीही आठवतात. पण स्वयंपाकात कुकर लावून, भाजी टाकून, मध्येच फोन घेणे जमत नाही. दुकानात सुटे पैसे मोजताना गोंधळ होतो. वाचलेला परिच्छेद पान उलटताच हरवतो. घरच्यांना वाटते, आळशीपणा आला, स्वभाव बदलला. वरून ठणठणीत दिसणाऱ्या माणसाच्या या तक्रारी कोणाला खऱ्या वाटत नाहीत.

हे आधीपासूनच होते का?

शास्त्रीय वृत्तीचा वाचक येथे लगेच शंका काढील. अत्यवस्थ होणारे पुष्कळ लोक वयस्क असतात. त्यांची स्मरणशक्ती आधीच कमी झालेली असेल तर? आजारापूर्वीची चाचणी असल्याशिवाय या शंकेचे उत्तर देता येत नाही. आणि आपण अत्यवस्थ होणार आहोत हे ओळखून कोणी आधी चाचणी देऊन ठेवत नाही.

यातून वाट काढली मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी. अमेरिकेत १९९२ पासून पन्नाशीपुढच्या हजारो नागरिकांची दर दोन वर्षांनी पाहणी होते, तीत स्मरणशक्तीच्या छोट्या चाचण्याही असतात. पाहणीतील काही लोक मधल्या काळात गंभीर सेप्सिसने, म्हणजे जंतुसंसर्गाने सर्व शरीरात भडकलेल्या दाहाने, आजारी पडून बरे झाले. अशा ५१६ जणांच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी २०१० मध्ये ताडून पाहण्यात आल्या. मध्यम ते तीव्र बौद्धिक घट आधी ६.१ टक्के लोकांत होती, आजारानंतर ती १६.७ टक्के लोकांत दिसली. इतर कारणांनी रुग्णालयात राहून आलेल्यांत अशी वाढ आढळली नाही. दुसऱ्याच कामासाठी जपून ठेवलेल्या नोंदींतून हे उत्तर निघाले.

त्यानंतर २०१३ मध्ये नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या गटाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ८२१ रुग्ण होते. त्यांच्यापैकी आधीपासून बौद्धिक उणीव असलेले फक्त ६ टक्के होते. रुग्णालयात असताना ७४ टक्के रुग्णांना कधी ना कधी संभ्रमावस्था आली. वर्षभरानंतर तपासलेल्यांपैकी ३४ टक्के रुग्णांचे गुण मेंदूला मध्यम इजा झालेल्या माणसाइतके आणि २४ टक्के रुग्णांचे गुण सौम्य अल्झायमर झालेल्या माणसाइतके कमी होते. तरुण रुग्णही यातून सुटले नव्हते. आणि संभ्रमावस्था जितके दिवस टिकली, तितकी नंतरची घट मोठी होती. ‘तात्पुरता’ म्हणून दुर्लक्षिलेला भ्रम हा मेंदूला होणाऱ्या इजेची खूण असावा, असे आता मानावे लागले.

मात्र या अभ्यासातून संबंध कळतो; तेवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. मेंदूला इजा नक्की कशाने होते? ऑक्सिजनची कमतरता, दाहामुळे मेंदूतील रक्षक पेशींचे खवळणे, रक्तवाहिन्या आणि मेंदू यांच्यामधला अडसर सैल होणे, गुंगीची औषधे, झोपमोड अशी अनेक कारणे पुढे केली जातात. एकाच रुग्णात ती एकत्र नांदत असल्यामुळे वेगळी काढणे अवघड जाते.

आकड्यांबद्दलही एक सावधगिरी हवी. म्युनिकच्या अभ्यासात तणावविकाराची लक्षणे चारांतल्या एकात होती. नॅशव्हिलच्या रुग्णांत त्याचे प्रमाण ७ टक्केच निघाले. उलट खिन्नतेची लक्षणे वर्षभरानंतरही एक तृतीयांश रुग्णांत होती. रुग्ण कोणते, प्रश्नावली कोणती, यावर उत्तर बदलते. आकडा वाचताना मोजपट्टी कोणती होती हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावायची तर हे उदाहरण चांगले आहे.

आठवणीतली पोकळी

आता त्या जुन्या गृहीतकाकडे वळू. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळच्या व्हिस्टन रुग्णालयात क्रिस्टीना जोन्स आणि रिचर्ड ग्रिफिथ्स यांनी घरी गेलेल्या रुग्णांना पुन्हा बोलावून त्यांच्याशी बोलण्याची पद्धत सुरू केली होती. तेथे रुग्ण काय सांगत? परिचारिका आपल्याला विष देत होती, आपल्याला जहाजात कोंडले होते, खाटेखाली साप होते. प्रत्यक्ष उपचारांचे काहीच न आठवणाऱ्या माणसाला ही दृश्ये मात्र लख्ख आठवत. २००१ मध्ये त्यांनी दाखवून दिले की ज्यांच्याकडे खऱ्या घटनांची एकही आठवण नाही आणि केवळ भ्रमातील आठवणी आहेत, त्यांना तणावविकाराचा धोका जास्त असतो. खरी आठवण, मग ती दुखरी का असेना, माणसाला आधार देते. ती पुसून टाकली तर रिकामी जागा भीती भरून काढते. गुंगीचा हेतू चांगला होता, परिणाम काही रुग्णांत उलटा झाला.

यावर स्कँडिनेव्हियातील परिचारिकांनी एक साधा उपाय सुरू केला होता : रोजनिशी. बेशुद्ध रुग्णाच्या खाटेशी एक वही ठेवायची. परिचारिकेने आणि नातेवाइकांनी तीत रोज चार ओळी सोप्या भाषेत लिहायच्या. आज ताप उतरला, आज मुलगी भेटून गेली, बाहेर बर्फ पडते आहे. बरा झाल्यावर वही रुग्णाला द्यायची. सहा युरोपीय देशांतील बारा विभागांत ३५२ रुग्णांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. महिन्याभराने वही मिळालेल्यांपैकी ५ टक्के रुग्णांना नव्याने तणावविकार झाला, वही न मिळालेल्यांत हे प्रमाण १३.१ टक्के होते.

गोष्ट इथेच संपली असती तर गोड झाली असती. पण २०१९ मध्ये फ्रान्समधील ३५ विभागांत ६५७ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात रोजनिशीने ठळक फरक पडलेला दिसला नाही. म्हणजे उपाय निरुपयोगी ठरला का? तसेही म्हणता येत नाही. वही कोणी लिहिली, ती रुग्णाच्या हाती कशी दिली, सोबत बसून कोणी समजावून सांगितली का, यात दोन्ही प्रयोगांत फरक होता. हा वाद अजून मिटलेला नाही.

जागे ठेवा, उठवा, चालवा

गुंगीच्या बाबतीत वारे आधीच फिरू लागले होते. २००० साली शिकागोच्या डॉक्टरांनी १२८ रुग्णांवर एक प्रयोग केला. निम्म्या रुग्णांची गुंगीची औषधे रोज काही काळ थांबवून त्यांना जागे होऊ दिले. त्यांना श्वसनयंत्र ४.९ दिवस लागले, इतरांना ७.३ दिवस. जागे केल्याने मनावर वाईट परिणाम होईल ही भीती होती. त्यांच्यापैकी थोड्या रुग्णांचा पुढे मागोवा घेतला, तेव्हा जागे केलेल्यांत तणावाची लक्षणे उलट कमीच दिसली.

पुढची पायरी हालचालीची. घशात नळी असतानाच रुग्णाला खाटेच्या कडेला बसवायचे, उभे करायचे, जमल्यास यंत्रासकट चार पावले चालवायचे. २००९ मध्ये याचा शारीरिक फायदा दिसला. शिकागोच्याच गटाने २०० रुग्णांवर केलेला प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या काही दिवसांतच हालचाल सुरू केलेल्या रुग्णांपैकी २४ टक्के जणांत वर्षभराने बौद्धिक घट होती. हालचाल उशिरा सुरू झालेल्यांत ती ४३ टक्के होती. संभ्रमावस्थेवर औषध शोधण्याचे प्रयत्न मात्र फारसे फळले नाहीत. ५६६ रुग्णांवरील २०१८ च्या प्रयोगात त्यासाठी नेहमी वापरली जाणारी दोन औषधे निष्प्रभ ठरली. आज भर आहे तो साध्या गोष्टींवर : कमी गुंगी, रोज जाग, हालचाल, रात्री अंधार आणि शांतता, चष्मा आणि कानाचे यंत्र परत देणे, घरच्यांचा सहवास.

या सगळ्याला एक नाव २०१२ मध्ये मिळाले : ‘पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम’. मराठीत अतिदक्षतोत्तर लक्षणसमूह म्हणता येईल. त्यात शरीर, बुद्धी आणि मन या तिन्हींची हानी धरली जाते. कुटुंबीयांचाही समावेश त्यात केला गेला, कारण २००५ मध्येच फ्रान्समधील एका पाहणीत तीन महिन्यांनंतर एक तृतीयांश नातेवाइकांत तणावविकाराची लक्षणे आढळली होती.

नंतर २०२० मध्ये कोविड आला आणि बऱ्याच ठिकाणी हे शहाणपण बाजूला पडले. नातेवाइकांना बंदी, डॉक्टरांचे चेहरे झाकलेले, औषधांची गाढ गुंगी. चौदा देशांतील दोन हजारांहून अधिक कोविड रुग्णांच्या नोंदी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत निम्म्याहून अधिक रुग्णांना संभ्रमावस्था आली होती. ज्यांना घरच्यांची भेट मिळाली, मग ती फोनच्या पडद्यावर का असेना, त्यांच्यात तिचा धोका कमी दिसला. महाराष्ट्रातही त्या दोन वर्षांत असंख्य कुटुंबांनी काचेपलीकडचा माणूस पाहिला आहे. त्यांतून घरी आलेले कित्येक जण आज आपल्या आसपास आहेत.

शाळेत परतलेले मूल

शिक्षकांच्या दृष्टीने शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मुलांचे काय होते? अमेरिकेत १२१ मुलांची त्यांच्याच भावंडांशी तुलना करण्यात आली. आठ वर्षांच्या आतील वयात श्वसनयंत्र लागलेली ही मुले आजारापूर्वी निरोगी होती. भावंड घेण्यात मोठा विचार होता : घर, आईवडील, परिस्थिती सारखीच. काही वर्षांनी घेतलेल्या बुद्ध्यंक चाचणीत आजारी पडलेल्या मुलांची सरासरी १०१.५ आणि भावंडांची १०४.३ निघाली. हे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. सरासरीतला फरक लहान आहे, बहुतेक मुले उत्तम सावरतात, हे पालकांना आवर्जून सांगायला हवे. अगदी लहान वयात आजारी पडलेल्या मुलांत फरक अधिक होता, हेही लक्षात ठेवायला हवे.

डेंग्यू, सर्पदंश, मेंदूज्वर किंवा अपघात यांतून वाचलेले मूल दोन महिन्यांनी वर्गात येते. सगळे टाळ्या वाजवतात. पुढे पाढे विसरते, चिडते, गृहपाठ अर्धा राहतो, मागच्या बाकावर डोके टेकून बसते. अशा वेळी दोन गोष्टी कराव्यात. एक, पालकांना विचारून मूल किती दिवस आणि कोणत्या अवस्थेत रुग्णालयात होते ते समजून घ्यावे. दोन, काही महिने कामाचे तुकडे पाडावेत, सूचना एकेक करून द्याव्यात, परीक्षेला वेळ वाढवून द्यावा आणि काय जमते, काय जमत नाही याची तारखेनिशी नोंद ठेवावी. सुधारणा होत नसेल तर तीच वही डॉक्टरांच्या उपयोगी पडेल. आजारापूर्वी हे मूल कसे होते, हे डॉक्टरांना माहीत नसते. ते शाळेला माहीत असते.